खर्ची बंद झाली

माझा धाकटा भाऊ ॲन्सेल्म मूर्ख नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. फाटकं जाळं सांधावं तर त्यानेच, असं आमच्या पाचूबंदरातले म्हातारे म्हणायचे. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "तुज्यासारखी भांडकुदळ मिलाली तर काय करू, बाय?" असा तोंडाळ!

तो बोटीवर खलाशी. आमच्याकडे हंगाम चालू असेतो मालक खलाशाला दर आठवड्याला हातखर्चाचे पैसे देतो, त्याला खर्ची म्हणतात. खर्ची बंद झाली की समजायचं, हंगाम संपला, खलाशी मोकळा. तोंडाने कोणी सांगत बसत नाही.

चार वर्षांपूर्वी त्याला टीबी निघाला. खोकून खोकून बरगड्या वर आल्या होत्या. सरकारी दवाखान्यात टीबीचं काम बघणाऱ्या अक्षदाने गोळ्या सुरू केल्या, सहा महिने घ्यायच्या म्हणून बजावलं. नीट खाण्यासाठी सरकार दरमहा पाचशे रुपये खात्यात टाकतं, हेही तिनेच सांगितलं. पहिले पैसे आले तेव्हा हा बाबा मासळीच्या लिलावाच्या गर्दीत फोन नाचवत माझ्याकडे आला. "बघ, बाय, सरकारनं मला खलाशी ठेवला. खर्ची आली!"

त्या पैशांचा उपयोग झाला, नाही कशाला म्हणू? अंडी खायला लागला, दूध प्यायला लागला. गाल भरले. आजारी माणसासारखा पडून न राहता सकाळी उठून गोळ्या घ्यायचा आणि मला फोन करायचा, "हजेरी लागली गो."

मग पैसे यायचे थांबले. का थांबले ते देव जाणे, मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही. मी एव्हरशाईन सिटीत दारोदार मासळी विकते, त्या दिवशी पाटी भरत होते, तर हा इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभा.

"सुटलो, बाय! खर्ची बंद झाली."

"अक्षदाबाईंनी सांगितलं का तसं?"

"ते कोन सांगतंय? खर्ची बंद म्हंजे काम संपलं."

खोकला नव्हता, अंगावर मांस होतं. सहा महिने भरले नव्हते, तरी मला खरंच वाटलं. मी त्याला घरी नेऊन पापलेट तळून घातलं, पोटभर जेवला. पुढच्याच आठवड्यात गोळ्या घरी ठेवून बोटीवर गेला. अक्षदा बिचारी फोन करत राहिली, पण खोल समुद्रात कसली रेंज? त्याच्या घरी आली तर दाराला कुलूप.

पुढच्या हंगामात खोकला परत आला, या वेळी रक्त घेऊन. आधीच्या गोळ्या आता लागू पडेनात. मोठ्या इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर त्याच्या खाटेशी उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "बरं वाटलं की औषध अर्धवट सोडतात हे लोक."

ॲन्सेल्मने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. दम लागलेला, तरी बोलला. "सोडलं नाय, साहेब. संपलं, असं समजलो."

डॉक्टरांना काही कळलं नाही, ते पुढच्या खाटेकडे वळले. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या मागे गेले, हात धरून थांबवलं आणि खर्चीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांना हसू आलं. माणूस वाईट नव्हता, लगेच सॉरी म्हणाला. पण हसला.

ॲन्सेल्म त्याच आठवड्यात गेला. मातीला आलेला जो तो मला विचारत होता, "बरा झाला होता ना गो, मग काय झालं?" मी म्हटलं, टीबीच. अजूनही तेवढंच सांगते. खरं सांगायला गेले तर कोणीतरी हसेल, आणि माझ्या भावाला कोणी हसलेलं मला आता सहन होणार नाही.