माझ्याच गाळ्याचा चौकीदार

"ए बुढ्या, पायरी नको चढू. खालीच थांब."

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. जाम गावच्या चौरस्त्यावरचं हार्डवेअरचं दुकान झेंडूनं सजलेलं. दुकानदार आतून आला. एका हातात स्टीलचा नवा डबा, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. डबा त्यानं पायरीवर ठेवला. पुडी वरून माझ्या ओंजळीत सोडली.

"डबा शेठले देजो. रस्त्यात उघडू नको. पुडी तुही."

मी मान डोलावली. डबा सायकलच्या दांडीला अडकवला.

तो गाळा माझा होता. वरच्या खोल्याही माझ्या. शेठ नावाचा माणूस कुठंच नव्हता. तो मी बनवला होता. एक दलाल सोडला, तर हे मी घराबाहेर कधी बोललो नाही. आता बोलतो.

एसटीची इंजिनं खोलण्यात माझी सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून प्लॉट घेतला, पतसंस्थेच्या कर्जावर इमारत बांधली. भाड्यातून हप्ता जाईल, म्हातारपणी कोणापुढं हात पसरावा लागणार नाही, एवढाच विचार. गाळा पाहायला माणसं येत. जागा आवडे. मग विचारत, पूर्ण नाव काय? मी आडनाव सांगे. आडनावावरून जात कळते. "कळवतो," म्हणून जात. परत कोणी आलं नाही. गाळा रिकामा आणि हप्ता सुरू.

शेवटी दलालानं मला बाजूला घेतलं. "काकाजी, मालक नागपूरले राह्यते म्हणून सांगा. तुमी चौकीदार व्हा. भाडं तं तुमच्याच खिशात येते ना?"

मी झालो. दुकानदारालाही भाड्याचा कागद नको होता, सगळं तोंडी चाललं. वीजबिल माझ्या नावानं यायचं, ते मी आधीच काढून घ्यायचो. स्लॅब गळला की डांबर मीच लावायचो आणि शिव्याही मीच खायचो. "तुह्या शेठले अक्कल हाय का नाई?" मी म्हणायचो, "सांगतो जी त्याईले."

त्या संध्याकाळी बायकोनं डबा उघडला. काजूकतली. पुडीत लाह्या-बत्तासे. दोन्ही तिनं माझ्यापुढं ठेवलं.

"कोणतं खाता? शेठचं का चौकीदाराचं?"

"हप्ता निघते ना, बस," मी म्हणालो आणि हसलो. ती हसली नाही.

दिवाळीनंतर एक मुलगी आली. दवाखान्यात नवी नर्स लागलेली, सोबत म्हातारी आई. इथला चौकीदार आपल्यातला आहे, असं तिला वस्तीतून कळलं होतं. मोकळ्या आवाजात म्हणाली, "जयभीम, काकाजी. खोली पाह्यजे होती."

मी जयभीम घेतला नाही. आधी दुकानाकडं पाहिलं. दुकानदारानं ऐकलं तर नाही? वर आपली माणसं आली, तर तो गाळा सोडेल.

वरची खोली रिकामी होती. किल्ली खिशात होती.

"मालक आपल्या लोकायले देत नाई, पोरी."

ती म्हणाली, "नाई म्हणणारे लय भेटले, काकाजी. पन आपल्या माणसाच्या तोंडून पयल्यांदा आयकलं."

आईचा हात धरून ती गेली.

दुकानदारानं केलेला अपमान मी भाड्यात धरला होता. पण या मुलीला हाकललं कोणी? शेठनं नाही. शेठ नव्हताच. मला बसलेली लाथ मी तिच्याकडं सरकवली. माझ्याच पायानं.

दुसऱ्याच दिवशी पाटी रंगवायला दिली. पूर्ण नाव. आडनाव सगळ्यात मोठं. शटरच्या वर ठोकायला शिडी लावली तसा दुकानदार धावत आला.

"शेठले इचारलं का?"

"शेठच ठोकून राह्यला."

त्यानं पाटी वाचली. पुन्हा वाचली. "पयले सांगाले पाह्यजे होतं तुमी," म्हणाला. पहिल्यांदाच तुमी. मग आवाज कडक झाला. "मी गाळा खाली करतो."

"कर. पन किल्ली मह्या हातात देजो. पायरीवर नको ठेवू."

त्यानं किल्ली दलालाकडून पाठवली. मी ती परत पाठवली. हातात दिल्याशिवाय डिपॉझिट मिळणार नाही म्हणून कळवलं. आला. माझ्या डोळ्यांकडं न बघता दिली, पण हातात दिली.

मग दवाखान्यात गेलो. जयभीम मी आधी घातला. त्या मुलीला सगळं खरं सांगितलं, खोली घे म्हणालो. ती औषधाच्या बाटल्या लावत होती.

"तुमच्या खोलीत मले झोप नाई येनार, काकाजी."

बरोबर बोलली. तिनं माफ करावं असं मी काय केलं होतं?

गाळा अजून रिकामा आहे. हप्ता पेन्शनमधून जातो, कमी पडतं ते बायकोच्या शिलाईतून. दलाल परवा आला होता. चांगलं गिऱ्हाईक आहे म्हणाला, फक्त पाटी तेवढी काढा.

पाटी निघणार नाही. ज्याला गाळा हवा, त्यानं रस्त्यात उभं राहून ती मोठ्यानं वाचावी. आडनावासकट. मग भाड्याचं बोलू.