तीनदा ऐकल्याशिवाय

आमच्या शेजारच्या काकांना हौशी रेडिओचा नाद आहे. बोलतातही तुटक. खरखरीत लांब निरोप विरून जातो, म्हणून त्यांनी आणि पेठच्या मित्राने टिकटिकीच्या आखूड खुणा ठरवल्यात. दोन अक्षरांत अख्खं वाक्य.

गेल्या पावसाळ्यात पेठच्या घाटात दरड कोसळली. तिथल्या शाळेत शिकवणारे माझे यजमान त्याच रस्त्याने नाशिकला परतणार होते आणि फोन लागत नव्हता. मी काकांकडे धावले. त्यांनी मित्राला चौकशी करायला सांगितलं आणि हेडफोन लावून बसले. बराच वेळ नुसती खरखर. मग एकदम त्यांची पेन्सिल चालली आणि थांबली.

"काय आलं, काका?"

"तीनदा ऐकल्याशिवाय मी सांगत नाही, ताई."

त्यांनी निरोप पुन्हा मागवला. मग पुन्हा. अर्ध्या तासाने त्यांनी हेडफोन काढला. "सुखरूप आहेत. शाळेतच थांबलेत."

दुसऱ्या दिवशी यजमान घरी आल्याचं सांगायला मी गेले, तेव्हा काका हळूच म्हणाले, "पहिल्यांदा मला 'जखमी' ऐकू आलं होतं. एका टिकटिकीचाच फरक."

तो अर्धा तास त्यांनी माझ्यासमोर बसून एकट्याने काढला होता.