खडूची फुली

घाडीकाकांच्या खिशात कायम खडू असे. गिरणीत ते कापड तपासत. खोट दिसली की तिथे फुली. संपात गिरणी सुटली, पुढे हमाली करताना पेटी पडून दोन्ही पाय गेले, पण फुलीची सवय गेली नाही. चाकाच्या खुर्चीला जी पायरी अडवी, तिच्यावर ते वाकून फुली मारत. घोडपदेवच्या आमच्या चाळीपासून रेशनच्या दुकानापर्यंत अकरा फुल्या होत्या. मी मोजल्या आहेत.

याद्या करणं माझ्या अंगातच, म्हणून त्यांचे अर्ज मी लिहीत असे. ‘कृपया मदत मिळावी’ लिहिलं की ते खोडायला लावत. "मदत नको गो बाय. कायद्यात शब्द आसा, तो लिही." मग मी वहीत शब्द उतरवले. सुगम्यता: आपलं आपण आत जाता येणं. वाजवी सोय: एखाद्याला लागेल तो बदल, झेपेल तेवढा, करून देणं. भेदभाव: ती सोय नाकारणं.

"ह्यो शेवटचो पहिलो लिही," काका म्हणाले.

गिरणी कामगारांच्या घरासाठी कागद तपासायचं बोलावणं आलं. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तपासणी तळमजल्यावर घ्या, असा अर्ज मी आठ दिवस आधी देऊन पोच घेतली होती. तरी शिपाई खाली येऊन म्हणाला, "साहेब म्हणतात, चार माणसं बोलवा, उचला आजोबांना."

"मी काय पडलंय, उचलूक?"

मीच कचरले. "काका, आजचा दिवस. घराचा प्रश्न आहे."

"तू पण, बाय? खोट कापडात आसा, नेसणाऱ्यात नाय."

मी वर गेले. साहेब म्हणाले, "अर्जदार समोर हवा."

"खाली दारात बसलेत. तुम्ही उतरा."

"असं प्रत्येकासाठी उतरत बसू?"

"प्रत्येकासाठी नाही. ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठी."

त्यांनी नावापुढे लिहिलं: गैरहजर. दारात चार तास बसलेला माणूस गैरहजर!

आम्ही तक्रार केली, स्मरणपत्रं पाठवली. ‘तळमजल्यावर उपस्थित राहावे’ असं पत्र आलं, तेव्हा काकांना जाऊन दोन महिने झाले होते.

त्या तारखेला मी वही घेऊन गेले. दाराशी नवा उतार बांधला होता. त्यावर साखळी, साखळीला कुलूप.

"किल्ली कुठाय?"

"साहेबांकडे," शिपाई म्हणाला. "वर."

मी पर्समधून काकांचा खडू काढला आणि खाली वाकले.