पाठ बघायचं काम

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. सांगायला बसलो की आधी चिडच येते — माझीच मला.

सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. पंचवटीतल्या आमच्या व्यायामशाळेत आरसा नव्हता. वजन उचलताना स्वतःची पाठ दिसणार कशी? म्हणून जोड्या असायच्या. एकाने उचलायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून पाठ बघायची. कणा वाकायला लागला की ओरडायचं, ‘पोक!’ उचलणाऱ्याने लगेच बार सोडायचा. एका शब्दाचं काम हो!

माझा जोडीदार सुभाष. भाजीबाजारात पोती वाहायचा. घर त्याच्या पाठीवर चालायचं. पण काय त्याची कटकट! छाती पुढे काढ, श्वास पोटात धर, बार नडगीला लागून वर येऊ दे — शंभरदा घोकून घेतलं. तरी वजन वाढलं की पाठ गोल. मी ओरडायचो, तो बार टाकायचा आणि वर मलाच विचारायचा, ‘खरंच आलं होतं का रे पोक?’ नाही, मला हौस आहे ओरडायची! डोकं उठायचं अगदी.

एका सकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, ‘मी याच्या पुढं जाऊ नाय म्हणून उगाच ओरडतो हा.’ सगळे हसले. बरं बाबा, नाही ओरडत. मी मनात म्हटलं एवढंच.

पुढच्याच खेपेला त्याने वजन वाढवलं. बार गुडघ्यापर्यंत आला आणि पाठ वाकली. मला स्वच्छ दिसली. ओरडायला वेळ नव्हता का? होता, भरपूर होता. म्हटलं, कळू दे एकदा. त्याच्या कमरेत काटकन वाजलेलं मला ऐकू आलं.

दवाखान्यात त्यानेच माझा हात धरला. ‘तू ओरडला असशील रे. मलाच ऐकू नाय आलं.’

‘दोनदा ओरडलो,’ मी म्हणालो.

दोनदा! एकदा म्हटलं असतं तर भागलं नसतं?

सुभाषने पुढे कधी पोतं उचललं नाही. त्याची बायको बाजारात जायला लागली, हा घरी. अजूनही कुणी कमरेचं विचारलं की तो सांगतो — चूक माझी, हा बिचारा दोनदा ओरडला होता. मी शेजारीच बसलेला असतो. मान डोलावतो.