टाळ्या मिळालेलं व्रत

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. एका डॉक्टरला अर्धी सांगितली होती, तीही गुडघेदुखीच्या आडोशानं. कुसुमला — माझ्या बायकोला — तर नाहीच, आणि ती जाऊन आता चार वर्षं झाली. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. जे लागतात त्यांच्यात माझं नाव फार मोठं आहे हो!

मी देवळीचा मास्तर. सत्तर सालच्या सुमाराला लग्न झालं तेव्हा अंगानं बरा होतो. मग मुलगी झाली, नोकरी पक्की झाली, आणि मी सुटलो. शाळेतून येताना हॉटेलातली गरम जिलबी, घरी पुरणपोळी असली की तुपाची वाटी वेगळी. तिशीतच पोट असं पुढं आलं की स्वतःच्या चपला दिसेनात. पोरं माझ्या मागून ढोल बडवल्यासारखे हात करायची. सोबतचे मास्तर तोंडावर विचारायचे, "काऊन मास्तर, कितवा महिना?" मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायचो. आणि घरी न्हाणीचं दार लावून, बंडी अंगात ठेवूनच आंघोळ करायचो. छाती बाईसारखी लोंबायला लागली होती — आता लिहितानाही हात थांबतो. पुरुषाला स्वतःच्या अंगाची इतकी लाज वाटते, हे तुमच्याजवळ कधी कुणी बोललंय का?

मग — कसं सांगू — नवरा-बायकोचं जमेनासं झालं. आधी नुसता दम लागायचा. पुढं भीतीच वाटायला लागली, आणि एक दिवस शरीरच ऐकेना. एकदा, दोनदा, नंतर दर वेळी. कुसुम चिडली नाही. "राहू द्या, थकले असान," एवढंच म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. चिडायला हवं होतं तिनं! तिच्या त्या मायेचाच मला इतका राग आला की दुसऱ्या दिवसापासून मी अंथरूण ओसरीवर नेलं.

आमच्या वर्धा जिल्ह्यात सूत कातणाऱ्याला मान, आणि काहीतरी सोडणाऱ्याला त्याहून जास्त. शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. गावात खादीवाल्या मंडळींचं शिबिर होतं. शेवटच्या दिवशी एक म्हातारे कार्यकर्ते म्हणाले, जे सर्वांत आवडतं ते आज इथं सोडून जा. एकेक जण उठायला लागला. कुणी विडी सोडली, कुणी चहा. शेजारचा मास्तर माझ्या कानाशी लागला, "तुमी जिलबी सोडा नं जी!" आजूबाजूचे फिसकन हसले.

मी उठलो. जिभेवर जिलबीच होती, खरं सांगतो. पण सगळे माझ्या पोटाकडे पाहून हसत होते, आणि मला ते हसणं कसंही करून थांबवायचं होतं. मी म्हणालो, "आजपासून मी ब्रह्मचर्य पाळीन."

हसणं थांबलं. मग टाळ्या — काय टाळ्या पडल्या! त्या म्हाताऱ्यांनी उठून मला सुताचा हार घातला. समोर बायकांच्या सतरंजीवर कुसुम मांडीवर पोर घेऊन बसली होती. तिलाही ते तेव्हाच कळलं. सव्वीस वर्षांची होती ती. घरी परतताना रस्त्यात म्हणाली, "मले एकदा इचारलं असतं तं..." मी तेव्हाही विचारलं नाही.

त्या दिवसापासून माझं पोट कुणाला दिसेनासं झालं. ढगळ खादीचा सदरा आणि चेहऱ्यावर म्हणे तेज! हसणारे वाकून नमस्कार करायला लागले. आणि जिलबी? ती मी खातच राहिलो. ती सोडायचं व्रत कुठं होतं माझं?

पुढं चार-पाच वर्षांनी गुडघे धरले म्हणून वर्ध्याच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण होता, सरळ विचारणारा. त्यानं लघवी तपासली, वजन केलं आणि मग घरच्या गोष्टींचं विचारलं. कसा कोण जाणे, मी बोलून गेलो. तो म्हणाला, "यात लाजायचं काही नाही. पोटाची चरबी वाढली की साखर बिघडते, रक्त नीट पोचत नाही, त्यात मन खचतं. गोड बंद करा, रोज तासभर चाला, पंधरा किलो उतरवा. पुष्कळांचं सुधारतं. आणि बायकोशी बोला."

सुधारतं! सुधारलं तर व्रताचं काय करू? लोकांना काय सांगू? घरी येऊन कुसुमला म्हणालो, गुडघ्याला लावायचं तेल दिलंय.

इथवर लबाडी झाली. कबूल करायचं आहे ते याच्या पुढचं.

त्याच वर्षी दिवाळीत, भर दुपारी, मुलगी खेळायला गेली असताना कुसुम नवं पातळ नेसून माझ्यासमोर उभी राहिली. केसात शेवंती होती. खाली बघत तिनं विचारलं, "माह्यात काई कमी हाये का?"

माझ्याजवळ उत्तर होतं. डॉक्टरनं हातात दिलेलं होतं. आणि मी तिला काय म्हणालो असेन? म्हणालो, "कुसुम, किती देहात अडकशील? जरा वर ये."

तिचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. "चुकलं जी," म्हणाली. आत जाऊन जुनं पातळ नेसून आली. मी पाय मागे घेतले नाहीत. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही आणि केसात फूल घातलं नाही.

अठ्ठ्याऐंशी साली वर्ध्याला माझा सत्कार झाला. शाल, नारळ, पेढ्यांचा डबा. कुणीतरी आग्रह केला, वहिनींनीही दोन शब्द बोलावेत. जन्मात कधी माइकपुढं न गेलेली कुसुम उठली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "व्रत यायनं घेतलं. पाळलं मी."

लोकांना वाटलं, किती गोड बोलली. पुन्हा टाळ्या. माझे हात मात्र मांडीवरून उठले नाहीत. व्रताआड मी काय लपवलंय, ते तिला कळलं होतं. केव्हापासून, ते मला आजही माहीत नाही.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. मी दीड माणसाची जागा अडवून तिच्या शेजारी. वर्धा ते देवळी पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात सगळं सांगून झालं असतं. ती माझ्याकडे बघत होती, वाटही बघत होती बहुतेक.

मी डबा उघडला आणि पेढे खाल्ले.