कारंज्याचा दम

चाकणजवळच्या एका जुन्या बागेतलं कारंजं दुरुस्त होत होतं. बघायला गेलो आणि एका बुटक्या दगडी खांबावर ऐसपैस बसलो. तिथंच चुकलो.

आज पाणी उडालं नाही, तर मालक हौद बुजवणार होता. दुरुस्ती करणारे आजोबा कंपनीत पाइप जोडून निवृत्त झालेले. टोपी काढून, दगडांना कान लावत ते माझ्यापर्यंत आले.

"पाव्हणं, उठता का जरा? पान्याचा दम कोंडलाय."

खांबाच्या माथ्यावर नळातली हवा सुटायला भोक होतं, त्यावरच मी बसलो होतो. मी उठताच आतून मोठा सुस्कारा आला आणि कारंजं उडालं. आजोबांनी न हसता टोपी घातली.

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "जरा उठा, हे मी पंचवीस वर्षं सांगतेय. त्यांचं बरं लगेच ऐकलंत!"