दिवेलागणीनंतरचं विरजण

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, साल दोन हजारच्या आसपासचं. पोलादपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीत कणीक आणि पाणी कालवून आमचे हे तिच्यासमोर मांडी घालून बसले होते... जणू बरणी आत्ता बोलायला लागेल.

हे दुबईला एका हॉटेलच्या बेकरीत पाव भाजायचे. सुट्टीवर आले होते, परतीचं तिकीट कपाटात होतं. पण हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने शब्द दिला होता की पाव खाऊन बघतो, आवडला तर रोज तुमच्याकडूनच घेतो. तसं झालं तर तिकीट रद्द!

मला ते रद्द व्हायलाच हवं होतं. पण असं तोंडाने कोण म्हणतंय? मी आपली 'बघा बुवा, तुमचं तुम्ही ठरवा' करत भांडी आपटत फिरत होते.

तर ह्यांचं म्हणणं, विकतचं यीस्ट घालायचं नाही, हवेतलं धरायचं. सासूबाईंनी बरणीवर बांधलेला फडका बघितला आणि विचारलं, "हवेतनं येनार हाय ना? मग तोंड कशाला बांधलंस त्याचं?" दुबई रिटर्ननी फडक्याची गाठ आणखी आवळली.

आधी काहीच होईना. मग बुडबुडे आले, आणि असा काही वास सुटला की आमची मांजर उंबऱ्यावरूनच परत जायला लागली. हे मात्र बरणीत नाक घालून 'वा वा' करायचे.

खरी ठिणगी पडली पुढे. म्हणे रोज ह्यातलं अर्धं फेकायचं आणि ताजं पीठ घालायचं. सासूबाई कापडे गावच्या, जन्म भातशेतीत गेलेला... त्यांच्यासमोर पीठ फेकायची भाषा! "ह्येच शिकलास व्हय रे तिकडं जाऊन?" म्हणून त्यांनी वाडगा हातातून काढूनच घेतला.

ह्यांना वाटायचं, आई मागच्या दारी टाकते. आई त्याच्या आंबोळ्या घालत होत्या, आणि हे त्या मिटक्या मारत खात होते. त्यातूनही उरलं ते शेजारच्या नसीमभाभीकडे. "घे गो, विरजण हाय. रोज मूठभर पीठ घालीत जा." नसीमभाभीचा नवरा कुवेतला, दोन-दोन वर्षं तोंड दिसायचं नाही. ती बिचारी ते विरजण निगुतीने सांभाळायला लागली.

हॉटेलवाला येणार त्याच्या आदल्या दिवशी गारठा पडला आणि बरणी सुस्तावली. तिला ऊब हवी, असं म्हणत आमच्या तज्ज्ञांनी ती चुलीशेजारच्या वैलावर ठेवली, जिथे आम्ही आमटी गरम ठेवतो, आणि मैदा आणायला बाजारात गेले. गप्पा मारून संध्याकाळी परत येतात तर आत चक्क खळ! पोस्टरं चिकटवा हवी तर.

हे पायरीवर जाऊन बसले. "जाऊ दे... आपल्या नशिबात दुबईच आहे," म्हणाले. मी आत वळले आणि मला रडूच फुटलं.

सासूबाई देवापाशी दिवा लावून आल्या, आम्हा दोघांकडे बघितलं आणि हळूच बोलल्या, "म्या ते फेकलंच नाय. नसीमकडं हाय." ह्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू!

पण लगेच सासूबाईंचा उतरला. कारण दिवा लागला होता. दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ, विरजण घराबाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, हा त्यांचा कायदा. अख्ख्या आळीला त्यांनीच तो लावलेला, आणि वाटी घेऊन आलेल्या कितीजणींना दारातून परत पाठवलेलं.

तरी तशाच निघाल्या. मी मागोमाग. नसीमभाभीने सगळं ऐकून घेतलं आणि पंचाईत झाल्यासारखी उभी राहिली. "काकी, मगरीबची अजान झाली, दिवे लागले. आता विरजण द्यायचं नाय... तुम्हीच सांगितलंत ना?"

सासूबाई दारात अडकल्या. आत जाववेना, मागे फिरवेना. मग एकदम पदर खोचला. "तू देऊच नको. मी चोरते. चोरीला कुठं दिवेलागण असते?"

नसीमभाभी हसली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "डाव्या हाताच्या फळीवर हाय. पटकन चोरा, काकी. भाईंना परत जाऊ देऊ नका." आमच्या चोराने तिच्याच एका वाटीत अर्धंच काढून घेतलं, आणि उरलेल्यात तिच्याच डब्यातलं मूठभर पीठ घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पातेल्यात वाळू, झाकणावर निखारे... आणि पाव फुगला! एका बाजूला कललेला, बुडाशी काळा, पण फुगला. हॉटेलवाल्याने तुकडा मोडला, चावला आणि भुवया चढवल्या. "आंबट लागतोय की ओ. कालचा हाय काय?"

सासूबाईंनी शांतपणे मटणाच्या रश्शाची वाटी पुढे सरकवली. "कोरडा काय खाताय? बुडवा."

त्यांनी बुडवला. परत बुडवला. पाव संपला, रस्सा संपला, आणि बोटं चाटत त्यांनी विचारलं, "रोज किती देशाल?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लगेच भांडी आपटायला आत गेले, कारण आता डोळे काही ऐकत नव्हते.

वाटी रिकामी परत करायची नाही, हा सासूबाईंचा दुसरा कायदा. दुसऱ्या भट्टीतला पहिला पाव त्यातून नसीमभाभीकडे गेला.

आता सासूबाई नाहीत. ते विरजण मात्र आहे, आणि कायदाही तोच... दिवेलागणीनंतर आमच्याकडे मागून मिळत नाही. पण कुणी अगदी नडलेलं आलं, तर मी फळी कुठली ते सांगते आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते.